फाईलीत आहे, पण गेममध्ये नाही : फ्लॅपी बर्ड आणि बंद पडलेल्या मोबाइल गेममधला न वापरलेला माल

ठिपकेदार (धागाकर्ता)

बंद पडलेल्या गेमची एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) उघडायची, कधी न पाहिलेलं चित्र दिसलं की "न वापरलेला माल सापडला!" म्हणून टाकून द्यायचं, असे धागे भरपूर झाले. त्यातले निम्मे दावे तपासले की गळून पडतात. म्हणून हा धागा फक्त एकाच गोष्टीवर आहे: सापडलेली वस्तू खरोखर न वापरलेली आहे हे ठरवायचं कसं?

उदाहरणाला फ्लॅपी बर्ड घेऊ. हनोईच्या डोंग न्गुयेन यांचा गेम, आयफोनवर मे २०१३ मध्ये आला, अँड्रॉइडवर जानेवारी २०१४ च्या अखेरीस, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच तो दोन्ही दुकानांतून काढला. म्हणजे अँड्रॉइडवर दोन आठवडेही नाही. एपीके जेमतेम एक मेगाबाइटची, आत कुलूपबंद काही नाही. शिकायला याच्याइतका सोपा गेम नाही.

(फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहितोय. मूळ नावं छोट्या रोमन अक्षरांत आहेत, उच्चारावरून ओळखता येतील.)

एपीके ही साधी झिप फाइल असते. कॉपी काढा, शेवटचं .एपीके बदलून .झिप करा, उघडा. 'अ‍ॅसेट्स' फोल्डरमध्ये 'जीएफएक्स' आणि 'साउंड्स' असे दोन फोल्डर. जीएफएक्समध्ये मुख्य दोन फाइली: अ‍ॅटलास.पीएनजी आणि अ‍ॅटलास.टीएक्सटी. पहिली १०२४ × १०२४ ची एकच मोठी प्रतिमा, तीत गेमची सगळी चित्रं खेटून बसवलेली. दुसरी म्हणजे तिचा सातबारा. एका ओळीत सात रकाने: नाव, रुंदी, उंची, मग डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी, उंची. शेवटचे चार आकडे पिक्सेलमध्ये नसून पूर्ण प्रतिमेच्या अपूर्णांकात आहेत. उदा. दिवसाच्या पार्श्वभूमीची ओळ:

बीजी_डे २८८ ५१२ ०.० ०.० ०.२८१२५ ०.५

१०२४ ने गुणा: ०.२८१२५ × १०२४ = २८८, ०.५ × १०२४ = ५१२. जुळलं.

आता ही नावं बघा: पाइप_अप, पाइप_डाउन, आणि त्यांच्या शेजारी पाइप२_अप, पाइप२_डाउन. चारही ५२ × ३२० चे, एका रांगेत, वरून ०.६३०८५९४ वर, म्हणजे ६४६ व्या पिक्सेलवर. पहिली जोडी आपल्या ओळखीची हिरवी. दुसरी लाल. खेळताना दिसतात ते हिरवेच. म्हणजे लाल पाइप हा पहिला संशयित. 'संशयित' म्हणतोय, 'सिद्ध' नाही.

नवखा_नाशिककर

पण पाइप२ दिसतच नाहीत ना गेममध्ये? मग आणखी काय सिद्ध करायचं राहिलं? कोड उघडून 'पाइप२' शोधा, नाही सापडलं की विषय संपला.

हेक्सबाई

नाही संपत. दोन्ही युक्तिवाद कच्चे आहेत.

"दिसत नाहीत" म्हणजे तुम्हाला दिसले नाहीत. याच गेममध्ये मेडल्स_० ते मेडल्स_३ अशी चार पदकं आहेत. १० गुणांना कांस्य, २० ला रौप्य, ३० ला सुवर्ण, ४० ला प्लॅटिनम. ज्याची मजल कधी ३९ च्या पुढे गेली नाही त्याच्या लेखी प्लॅटिनम पदक न वापरलेलंच. आणि या गेममध्ये अशी मंडळी बहुसंख्य आहेत!

आता कोडमधला शोध. पक्ष्याची चित्रं बर्ड०_० पासून बर्ड२_२ पर्यंत आहेत, तीन रंग × प्रत्येकी पंख हलवण्याच्या तीन स्थिती = नऊ. असं नाव कोडमध्ये अख्खं लिहिलेलं असेलच असं नाही. 'बर्ड' + रंगाचा क्रमांक + '_' + स्थितीचा क्रमांक, असं ऐन वेळी जोडता येतं. मग 'बर्ड२_१' शोधून काहीच हाती लागत नाही, आणि पक्षी मात्र पडद्यावर उडतोय. पाइपलाही हाच नियम. म्हणून शोध नेहमी नावाच्या मुळाचा घ्यायचा, 'पाइप' एवढाच, आणि सापडलेल्या प्रत्येक ठिकाणी पुढे काही जोडलं जातंय का ते वाचायचं.

कोड वाचायला जॅडएक्स (एपीकेतून वाचता येईल असा कोड काढणारा प्रोग्राम). हा गेम जावात, अँडइंजिनवर (गेम बनवायचा तयार सांगाडा) केलेला आहे, त्यामुळे जॅडएक्समधून बऱ्यापैकी वाचनीय जावा मिळतो. प्रोगार्ड (नावं आखडून टाकणारं साधन) लावलेला असला तर क्लासची (कोडच्या विभागांची) नावं ए, बी, सी अशी होतात, पण अवतरणातला मजकूर तसाच राहतो. धागा तिथूनच पकडायचा.

आणखी एक सापळा: अ‍ॅटलासची टीएक्सटी फाइल कोड ओळीओळीने वाचतो आणि सगळी चित्रं एका यादीत भरतो. म्हणजे लाल पाइप मेमरीत लोड होतातच. लोड होणं वेगळं, वापरलं जाणं वेगळं. यादीतून चित्र मागवणारी मेथड (एकच काम करणारा कोडचा तुकडा) शोधा आणि तिला कोण कोण बोलावतं ते बघा.

झिपलॉक

हेक्सबाईंना +१. पण या गेमपुरता कोड न वाचताही निकाल लावता येतो. टीएक्सटी फाइल साधा मजकूर आहे, त्याचा फायदा घ्या.

चारही पाइप एकाच मापाचे आहेत. टीएक्सटीमध्ये फक्त नावांची अदलाबदल करा: पाइप_अप ↔ पाइप२_अप, पाइप_डाउन ↔ पाइप२_डाउन. आकड्यांना हात लावायचा नाही. आता गेम लाल पाइपने सुरू होईल. माप तेच असल्याने टक्कर बिघडत नाही. एका बदलात दोन कामं होतात. लाल चित्र पूर्ण तयार आहे की अर्धवट, ते प्रत्यक्ष खेळात दिसतं. आणि खेळताना कुठेही हिरवा पाइप दिसला, तर त्याचा अर्थ मूळ गेम तिथे पाइप२ वापरत होता.

पुन्हा बांधताना लोक जिथे अडकतात त्या जागा:

१. झिप पूर्ण सोडवून परत बांधू नका. झिपच्या प्रोग्राममध्ये उघडून ती एकच फाइल बदला. सगळं नव्याने बांधलं की ध्वनीच्या .ओजीजी फाइलीही दाबल्या जातात. मूळ एपीकेत त्या न दाबता ठेवलेल्या असतात, कारण अँड्रॉइड त्या थेट एपीकेतूनच उघडतो. दाबल्या तर 'फाइल नॉट फाउंड' येतं आणि गेम सुरू होताच बंद पडतो. फाइल डोळ्यांसमोर असते आणि फोन म्हणतो नाही! एपीकेटूल (एपीके सोडवून पुन्हा बांधणारा प्रोग्राम) वापरलंत तर तो न दाबायच्या फाइलींची यादी एपीकेटूल.वायएमएलमध्ये ठेवतो, ती पुसू नका.

२. मेटा-आयएनएफ फोल्डर काढून टाका. त्यातली जुनी सही (फाइल कुणी बांधली त्याची डिजिटल खूण) आता निरुपयोगी.

३. आधी झिपअलाइन (आतल्या फाइली ४ बाइटच्या पटीत बसवायला), मग एपीकेसाइनर (सही करायला). क्रम उलटा केला तर नवी सही मोडते. जारसाइनर (सहीचं जुनं साधन) वापरणाऱ्यांचा क्रम याच्या बरोबर उलटा, आधी सही आणि मग अलाइन. दोन्ही प्रकारची मार्गदर्शनं इंटरनेटवर एकमेकांत मिसळली आहेत, गोंधळ तिथून होतो.

४. फोनवर मूळ गेम असेल तर तो काढल्याशिवाय नवा बसणार नाही, सही वेगळी आहे. काढला की गुण गेले.

५. अँड्रॉइड १४ वर 'टार्गेट एसडीके' (अ‍ॅप अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीसाठी बांधलाय तो क्रमांक) २३ पेक्षा कमी असलेले अ‍ॅप बसत नाहीत, आणि हा गेम २०१४ चा. एडीबी (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन) इन्स्टॉलला 'बायपास लो टार्गेट एसडीके ब्लॉक' हा पर्याय जोडला की बसतो. फोनवर फाइलीला टिचकी मारून बसवायला गेलात तर कारण न सांगता नकार येतो.

ठिपकेदार

युक्ती आवडली, पण तिच्या आधी एक पायरी हवी. बदललेली एपीकेच चालतेय याची खात्री. नाहीतर लोक जुनीच प्रत चालवतात आणि "काही फरक नाही" म्हणून निकाल देतात. आधी हिरव्या पाइपवर भडक जांभळा फासा आणि चालवा. जांभळा दिसला तरच तुमचा निकाल धरायचा.

रंगवताना प्रतिमा १०२४ × १०२४ च राहू द्या, पारदर्शकता जपा. चित्रांमध्ये चार पिक्सेलची मोकळी पट्टी आहे (पाइप ५२ रुंद, पण पुढचा पाइप ५६ पिक्सेलवर सुरू होतो). ब्रश त्या पट्टीच्या पलीकडे गेला की शेजारच्या चित्राच्या कडेला जांभळी रेघ येते आणि नवाच 'शोध' लागतो.

हीच रंगाची चाचणी बाकीच्या संशयितांवर चालते: बटन_मेनू, बटन_ओके, बटन_शेअर. प्रत्येकाला वेगळा रंग द्या आणि सगळे पडदे पालथे घाला. ब्लॅक आणि व्हाइट नावाचे चौकोन कुणी संशयित म्हणून आणू नयेत, पडदा काळवंडायला आणि धडकल्यावर चमकायला अशी चित्रं लागतात. फाँट_०४८ ते फाँट_०५७ सुद्धा गूढ नाहीत. आस्कीमध्ये (अक्षरांच्या क्रमांकांची ठरलेली यादी) ४८ म्हणजे शून्य आणि ५७ म्हणजे नऊ, बस.

रानडे_रॉम

युनिटीवर (गेम बनवायचं तयार इंजिन) केलेल्या गेमचं काय? बंद पडलेल्या गेमपैकी पुष्कळ त्यातलेच. तिथे ना अ‍ॅटलासची टीएक्सटी, ना सरळ पीएनजी.

हेक्सबाई

युनिटीत न वापरलेला माल मागे का राहतो हे आधी समजून घ्या, म्हणजे शोधायचं कुठे ते कळेल.

युनिटी बिल्ड करताना (गेम बांधून काढताना) यादीतल्या सीनपासून (गेमचे पडदे, टप्पे) सुरुवात करतो आणि त्यांना लागणाऱ्या वस्तूच आत घेतो. कुठल्याच सीनला न लागणारं चित्र आपोआप बाहेर राहतं. अपवाद तीन. 'रिसोर्सेस' नावाच्या फोल्डरमधलं सगळं आत जातं, कुणी वापरो न वापरो, कारण ते कोडमधून नावाने मागवता येतं आणि कोण मागवेल हे बिल्डला कळत नाही. 'स्ट्रीमिंगअ‍ॅसेट्स' जसंच्या तसं कॉपी होतं. आणि अ‍ॅसेटबंडलमध्ये (मालाची वेगळी बांधलेली गाठोडी) जे भरलं ते जातं. चौथी वाट म्हणजे चाचणीचा सीन यादीत चुकून राहणं. तो मागे आपला अख्खा गोतावळा घेऊन येतो.

म्हणून बघायचं असं. एपीकेत अ‍ॅसेट्स/बिन/डेटा. तिथल्या ग्लोबलगेममॅनेजर्स फाइलमध्ये 'बिल्डसेटिंग्स'खाली सीनची यादी असते, मूळ फोल्डरच्या पत्त्यासकट. 'टेस्ट', 'डीबग', 'ओल्ड' असे शब्द तिथेच भेटतात. त्याच फाइलीतल्या 'रिसोर्समॅनेजर'मध्ये रिसोर्सेस फोल्डरमधल्या प्रत्येक वस्तूचा पत्ता. अर्धी लढाई इथेच जिंकली जाते आणि लोक मात्र थेट चित्रं उपसायला धावतात. काखेत कळसा.

चित्रं, ध्वनी, आकृत्या बाहेर काढायला अ‍ॅसेटस्टुडिओ. पायथन येत असेल तर युनिटीपाय, शेकडो फाइलींना तोच बरा. अ‍ॅसेटस्टुडिओने "युनिटीची आवृत्ती सांगा" म्हटलं तर बंडलमधून आवृत्ती पुसलेली असते. ग्लोबलगेममॅनेजर्सच्या सुरुवातीला ती सहसा वाचता येते, तीच भरा. अंदाजाने भरली तर फाइल उघडते, पण आकडे सरकतात आणि चित्राच्या जागी रंगीत कचरा येतो.

जुन्या अँड्रॉइड गेममध्ये एकाच चित्राच्या दोन प्रती दिसतात, एक रंगीत पण पारदर्शकता नसलेली, एक नुसती काळी-पांढरी. काळी-पांढरी म्हणजे 'न वापरलेलं सावलीचं रूप' नव्हे. ईटीसी१ या टेक्स्चर प्रकारात पारदर्शकता मावतच नाही, म्हणून ती वेगळ्या फाइलीत ठेवतात. दोन्ही जोडल्या की एक चित्र.

रानडे_रॉम

आणि मोनोबिहेवियर (युनिटीत स्क्रिप्टचे आकडे साठवणाऱ्या वस्तू)? अ‍ॅसेटस्टुडिओत त्यातले बहुतेक रिकामे दिसतात. शत्रूंची ताकद, वस्तूंच्या किमती वगैरे त्यातच असणार.

हेक्सबाई

बिल्डमधल्या .अ‍ॅसेट्स फाइलींतून 'टाइप ट्री' काढलेली असते, म्हणजे बाइट आहेत पण कुठला बाइट काय ते सांगणारा नकाशा नाही. बंडलमध्ये ती बहुधा असते, म्हणून तिथले मोनोबिहेवियर नीट उघडतात. बाकीच्यांसाठी नकाशा बाहेरून द्यावा लागतो.

मॅनेज्ड फोल्डरमध्ये असेंब्ली-सीशार्प.डीएलएल असेल तर गेम मोनोवर (कोड डीएलएलमध्येच ठेवून चालवायची पद्धत) आहे. तो फोल्डर अ‍ॅसेटस्टुडिओला दाखवा, काम झालं. तीच डीएलएल आयएलस्पायमध्ये (डीएलएलमधला कोड वाचणारा प्रोग्राम) उघडली की जवळपास मूळ कोड वाचता येतो. त्याऐवजी लिबआयएल२सीपीपी.एसओ आणि ग्लोबल-मेटाडेटा.डॅट दिसल्या तर कोड यंत्रभाषेत बदलून भरलेला आहे, आयएल२सीपीपीडंपर चालवा. तो पोकळ डीएलएल तयार करतो: क्लास आणि रकान्यांची नावं असतात, मेथडच्या आतलं काही नसतं. नकाशा म्हणून तेवढं पुरतं. मेटाडेटाचे पहिले चार बाइट एएफ १बी बी१ एफए नसतील तर फाइल गुप्त केलेली आहे, डंपर तिथेच थांबेल.

सफरचंद्या

आयफोनवाल्यांसाठी थोडं. आयपीए (आयफोन अ‍ॅपची फाइल) हीसुद्धा झिपच, आत 'पेलोड' फोल्डर. अ‍ॅपलचं फेअरप्ले कुलूप फक्त चालणाऱ्या प्रोग्रामला असतं, चित्रं-ध्वनी उघडे असतात. पण पीएनजी नेहमीच्या प्रोग्राममध्ये उघडत नाहीत आणि लोकांना वाटतं त्या गुप्त केल्यात. तसं नाही. एक्सकोड (अ‍ॅपलचं अ‍ॅप बांधायचं साधन) त्यांना स्वतःच्या सोयीसाठी बदलतो: सुरुवातीला 'सीजीबीआय' नावाचा तुकडा घुसवतो, लाल आणि निळ्याची जागा बदलतो, रंग पारदर्शकतेने आधीच गुणून ठेवतो. एक्सकोडबरोबर येणाऱ्या पीएनजीक्रशमध्ये 'रिव्हर्ट आयफोन ऑप्टिमायझेशन्स' हा पर्याय आहे. लाल पाइप निळा दिसला तर समजा उलटवायचं राहिलं.

अनरियल या दुसऱ्या इंजिनवरचे गेम, उदाहरणार्थ डिसेंबर २०१८ मध्ये दुकानातून काढलेला इन्फिनिटी ब्लेड, अ‍ॅसेटस्टुडिओत उघडणार नाहीत. त्यांना यूई व्ह्यूअर.

नवखा_नाशिककर

ड्रॅगालिया लॉस्ट या बंद पडलेल्या ऑनलाइन गेमची एपीके उघडली. आत फारसं काहीच नाही. माल गेला कुठे?

झिपलॉक

सर्व्हरवर होता. असे गेम एपीकेत फक्त दरवाजा ठेवतात, बाकी पहिल्यांदा सुरू केल्यावर उतरवतात. ड्रॅगालिया ३० नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला. त्यानंतर जे काही उरलं ते त्याआधी कुणीतरी उतरवून ठेवलेलं.

त्यामुळे बंद होण्याची घोषणा झालेला गेम तुमच्या फोनवर असेल तर आजच हे करा. गेमच्या सेटिंगमध्ये 'सगळा डेटा उतरवा' असेल तर दाबा. संगणकाला जोडून एडीबी शेलमधून 'पीएम पाथ' आणि पॅकेजचं नाव द्या. एकापेक्षा जास्त ओळी आल्या तर एपीके तुकड्यांत आहे, सगळे तुकडे 'पुल' करा (संगणकावर ओढून घ्या). नुसती बेस.एपीके ठेवून लोक निर्धास्त राहतात आणि लायब्ररी दुसऱ्याच तुकड्यात असते. मग अँड्रॉइड/ओबीबी आणि अँड्रॉइड/डेटा मधला त्या पॅकेजचा फोल्डर. अँड्रॉइड ११ पासून फोनवरच्या फाइल मॅनेजरला हे फोल्डर दिसत नाहीत, एडीबीला सहसा दिसतात. युनिटीची उतरवलेली बंडलं अँड्रॉइड/डेटाच्या आत 'फाइल्स'मध्ये, पुष्कळदा 'युनिटीकॅश'मध्ये सापडतात. गेम काढून टाकला की हे सगळं त्याच क्षणी पुसलं जातं, म्हणून आधी कॉपी आणि मगच काय ते प्रयोग.

आणि सर्व्हरवाल्या गेममध्ये "न वापरलेलं" म्हणताना जीभ आवरा. दिवाळी-नाताळचे कार्यक्रम तारखेवर किंवा सर्व्हरच्या इशाऱ्यावर उघडतात. फाइलीत सजावट आहे आणि तुम्ही जूनमध्ये खेळलात, एवढंच ते असू शकतं.

ठिपकेदार

संशयितांच्या यादीतून काही गोष्टी पहिल्या फटक्यात वगळा. 'एबीसी_आयसी' ने सुरू होणारी चित्रं अँड्रॉइडच्या सपोर्ट लायब्ररीची. 'कॉमन_साइनइन' वाली बटणं गूगल प्ले सर्व्हिसेसची. फेसबुकचं बटण दिसलं म्हणजे 'रद्द झालेलं फेसबुक लॉगिन' नव्हे, लायब्ररी जोडली की तिची चित्रंही येतात. जाहिरातींच्या लायब्ररीतले फुली आणि आवाज बंदचे आयकॉनही तसेच.

उरलेल्यांसाठी आवृत्त्यांची तुलना हा सगळ्यात भक्कम पुरावा. मिळतील तेवढ्या आवृत्त्या सोडवा, प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ (फाइलीच्या आतल्या बाइटवरून निघणारा ठसा) काढा, तक्ता करा. एखादं चित्र १.१ मध्ये वापरात असून १.३ मध्ये नुसतं पडून असेल तर ते 'काढून टाकलेलं'. सुरुवातीपासून पडून असेल तर 'कधीच न वापरलेलं'. दोन्हींना एकच शब्द वापरू नका. जुन्या एपीकेत झिपमधल्या तारखा खऱ्या असू शकतात, नंतरच्या ग्रेडल (अँड्रॉइड अ‍ॅप बांधायचं साधन) बिल्डमध्ये सगळ्यांवर १९८० किंवा १९८१ ची ठरावीक तारीख असते. तिच्यावरून "गेम १९८१ चा" असा विनोद इथे आधीच झालेला आहे, पुन्हा नको.

कलम५२

एपीके आणताय कुठून हेही लिहा. फ्लॅपी बर्ड काढल्याबरोबर, फेब्रुवारी २०१४ मध्येच, त्याच नावाचे आणि चिन्हाचे खोटे अ‍ॅप फिरू लागले होते. गुपचूप महागडे एसएमएस पाठवणारे. पक्ष्याच्या गेमने एसएमएसची परवानगी मागितली की फाइल फेकून द्या. एपीकेसाइनरच्या 'व्हेरिफाय'ला 'प्रिंट सर्ट्स' जोडून प्रमाणपत्राचा ठसा काढा आणि जुन्या फोनवरून थेट काढलेल्या प्रतीशी ताडा. जुळला नाही तर ती कुणीतरी पुन्हा बांधलेली आहे, आणि तिच्यातला 'न वापरलेला माल' त्यानेच घातलेला असू शकतो.

कायद्याचं थोडक्यात. भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१) मध्ये, कायदेशीररीत्या मिळालेली प्रत असेल तर प्रोग्राम कसा चालतो याचं निरीक्षण, अभ्यास, चाचणी करायला आणि स्वतःच्या बिनव्यापारी वापरासाठी प्रत काढायला मुभा आहे. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५क संरक्षक कुलूप तोडण्याबद्दल आहे, गुप्त केलेल्या फाइलींना हात घालण्याआधी ते वाचा. गेम बंद पडला म्हणून त्याचा हक्क संपत नाही. इथे पद्धत, नावं, मापं, ठसे टाका. अख्खी एपीके किंवा बदललेली प्रत टाकू नका.

नवखा_नाशिककर

नावांची अदलाबदल केली. लाल पाइप आले, पण वरचा पाइप उलटा दिसतोय, तोंड छताकडे.

झिपलॉक

अप आणि डाउनची गल्लत झाली. पाइप_अप ची अदलाबदल पाइप२_अप शीच हवी. तुमच्या फाइलीत ती पाइप२_डाउनशी झालीय. दोन ओळी पुन्हा तपासा. टीएक्सटी जतन करताना 'यूटीएफ-८, बीओएम शिवाय' निवडा, नाहीतर पहिल्या ओळीच्या नावापुढे तीन अदृश्य बाइट चिकटतात आणि पहिलीच ओळ, म्हणजे दिवसाची पार्श्वभूमी, गेमला सापडत नाही.